पोहायला शिकवणाऱ्या बाई

लोअर हटमधल्या आमच्या तरणतलावावर कामाच्या दिवशी दुपारी फारसं कुणी नसतं. सकाळी पोहणारे ऑफिसला गेलेले असतात, शाळा सुटायला अवकाश असतो. छत उंच आहे आणि एका बाजूला नुसत्या काचा. हिवाळ्यात त्या काचांवर आतून वाफ धरते, मग बाहेरचे डोंगर, पार्किंगमधल्या गाड्या, सगळं कुणीतरी ओल्या बोटाने पुसल्यासारखं दिसतं. पाण्यावरचा उजेड वर छतावर हलत राहतो. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा पाण्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून मान वर करून तो उजेड बघत उभी होते.

"छान दिसतो ना? मीही तोच बघत असते," शेजारून कुणीतरी म्हणालं.

त्या माझ्या शिक्षिका. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, कापलेले करडे केस, खांद्यांवर उन्हाने आलेले तपकिरी ठिपके. इथल्याच, याच खोऱ्यात वाढलेल्या. मी मनातल्या मनात त्यांना लगेच 'बाई' म्हणून टाकलं, कारण पुण्याला आमच्या शाळेत शिकवणाऱ्या सगळ्या बाईच असायच्या.

मी तेव्हा पंचेचाळिशी पार केली होती. नवऱ्याला न्यूझीलंडला, वेलिंग्टनमध्ये नोकरी लागली म्हणून बँकेतली नोकरी सोडून त्याच्या मागोमाग इथे आले होते. तो सकाळच्या ट्रेनने जायचा, मुलगी कॉलेजला जायची. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. मागे मी आणि हीट पंपाची घरघर. उन्हाळ्यात मराठी मंडळी मिळून बीचवर गेलो की सगळे पाण्यात पळायचे आणि मी टॉवेलवर बसून किल्ल्या, फोन, चष्मे आणि ढीगभर जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, सांभाळायचे. एकदा मुलगी ओली चिंब होऊन आली आणि हसत म्हणाली, "आई, यू आर अवर शू रॅक." मीही हसले. पण ते मनात कुठेतरी जाऊन बसलं. लहानपणी मामाच्या गावी भाऊ पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकला, तेव्हाही मी काठावर त्याचे कपडे घेऊन बसले होते. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. पण चल असंही कुणी म्हटलं नव्हतं.

म्हणून मोठ्यांच्या शिकवणीला नाव घातलं. सुरुवातीला आम्ही चार-पाच जण होतो. हिवाळा वाढला तसे बाकीचे गळत गेले आणि दर मंगळवारी दुपारी मी एकटीच उरले. पायापर्यंत येणारा पोहण्याचा पोशाख घालून, तलावाचा कठडा दोन्ही हातांनी धरून.

बाईंची शिकवायची पद्धत वेगळी होती. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आज पोहायचं नाही. आज फक्त एक कान पाण्यात बुडवायचा आणि काय ऐकू येतं ते मला सांगायचं."

मी कठडा घट्ट धरून मान तिरकी केली. वरचा सगळा आवाज, रिसेप्शनवरचं रेडिओचं गाणं, पंपाची खरखर, एकदम लांब गेलं. खाली काहीतरी मंद, गोल असं वाजत होतं.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे, ते काहीच नाही ऐकू आलं."

त्या हसल्या. "बरोबर. खाली कुणी तुम्हाला हाक मारत नाही."

कधीकधी त्या बोलता बोलता थांबायच्या. वाक्य अर्धं राहायचं, डोळे काचेपलीकडे लागायचे, आणि मी पाण्यात उभी राहून वाट बघायचे. मला वाटायचं माझं काही चुकलं. मग त्या परत यायच्या, "हं, तर पाय," असं म्हणून पुढे सुरू. असे कितीतरी मंगळवार गेले. मी पाय मारायला शिकले, फळी धरून तोंडाने बुडबुडे काढायला शिकले, पण कठडा काही सुटेना आणि डोकं पाण्याखाली जाईना. त्यांनी कधी घाई केली नाही.

एका मंगळवारी त्या आल्याच नाहीत. रिसेप्शनवरची मुलगी माओरीत 'किया ओरा', नमस्कार, म्हणून हसली आणि म्हणाली की त्यांना उशीर होत असेल. मी थोडा वेळ बाकावर बसले, मग बाहेर डोकावले. पावसाची भुरभुर चालली होती. पार्किंगच्या टोकाला त्यांची जुनी गाडी उभी होती, काचा आतून धुरकट झालेल्या. जवळ जाऊन बघितलं तर बाई आत बसलेल्या. इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण फार लांबून बघावं तसं. मग काच खाली आली.

"मला उतरता येत नाहीये," त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, दार अडकलंय असं सांगावं तसं.

दाराला काही झालेलं नव्हतं ते मला दिसत होतं. काय करावं सुचेना. मग मी गाडीला वळसा घातला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. माझ्या पिशवीत थर्मास होता. पाण्यातून बाहेर आलं की मला हुडहुडी भरायची म्हणून आल्याचा चहा घेऊन जायचे. झाकणात ओतून त्यांच्यापुढे धरला. त्यांना एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागला. त्यांनी तो काढला. आम्ही एकाच झाकणातून आळीपाळीने चहा प्यायलो.  

झाकण परत देत त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे शिकायला येता, आणि मी ही अशी."

"मी तरी कुठे कठडा सोडतेय?" मी म्हणाले.

त्या मोठ्याने हसल्या. काचेवरच्या वाफेतून एक थेंब वाट काढत खाली आला, तो आम्ही दोघींनी बघितला. त्या दिवशी पाण्यात कुणीच उतरलं नाही.

पुढच्या मंगळवारपासून असं व्हायला लागलं की मी थोडी लवकर जायचे आणि आधी त्यांच्या गाडीत बसायचे. चहा व्हायचा. कधी पाच-दहा मिनिटांत त्या उतरायच्या, कधी तासच संपून जायचा. घरी नवरा विचारायचा, "तू पोहायला जातेस की चहा प्यायला?" मी म्हणायचे, "दोन्हीला." तो मान हलवून लॅपटॉपमध्ये डोकं घालायचा, पण एकदा त्याने स्वतःहून मोठा थर्मास आणून दिला.

गाडीत बसूनच त्यांनी मला हळूहळू सगळं सांगितलं. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. वीसेक वर्षं. शिकवणं आवडायचं. एका सकाळी वर्गात हजेरी घ्यायला उभ्या राहिल्या. पहिलं नाव घेतलं. दुसरं तोंडातून बाहेर येईना.

"नावं समोर स्क्रीनवर होती," त्या म्हणाल्या. "वाचता येत होती मला. सात-आठ वर्षांची मुलं, चटईवर मांडी घालून बसलेली. कुणी हसलं नाही. सगळी वाट बघत होती. मी किती वेळ उभी होते माहीत नाही. मग वर्गातून निघून गेले आणि बाहेर गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या एका शिक्षिकेने मला घरी सोडलं."

"काय झालं होतं?"

"काहीच नाही. तेच तर आहे. कुणी गेलं नव्हतं, कुणी सोडलं नव्हतं. डॉक्टर विचारायचे, त्याआधी काय झालं? मी म्हणायचे, काहीच नाही. मोठं काही झालं असतं तर बरं, असं वाटायचं. निदान सांगायला काही असतं."

गोळ्या चालू होत्या, समुपदेशकाकडे जाणं चालू होतं. तरुणपणी त्या स्पर्धांमधून पोहायच्या, म्हणून एका मैत्रिणीने तलावावर हे थोडे तासांचं काम मिळवून दिलं होतं. "इथे एका वेळी तीन-चार माणसं. हजेरी घ्यावी लागत नाही. आणि आता तर तुम्ही एकट्याच."

मग मीही सांगितलं. सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहायचं आणि आता पुढे काय ते आठवेनासं व्हायचं. पुण्याला काउंटरपुढची रांग सरता सरत नसे आणि कधी एकदा पाच वाजतात असं व्हायचं. इथे दिवसभरात माझं नाव घेणारं कुणी नव्हतं. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, बहिणीला फोनवर सांगितलं नव्हतं. एका परक्या गाडीत, परक्या भाषेत ते सहज सांगता आलं.

"तुम्ही मला कधी नावाने हाक मारत नाही," एकदा त्या म्हणाल्या.

मी ओशाळले. सांगितलं की आमच्याकडे शिक्षिकेला नावाने हाक मारत नाहीत, बाई म्हणतात. बाई म्हणजे शिक्षिका, आणि बाई म्हणजे नुसती कुठलीही बाईसुद्धा.

"म्हणजे शिकवणं सोडलं तरी बाई राहतेच?"

"राहतेच," मी म्हणाले. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला. त्यांच्या तोंडी तो 'बाय' असा यायचा, निरोप घेतल्यासारखा, आणि आम्ही हसायचो.

इंग्रजीत तू आणि तुम्ही असा प्रश्नच येत नाही. पण मी मनात सगळं मराठीतूनच ऐकत होते, आणि मनातल्या त्या मराठीत बाई बराच काळ 'अहो'च होत्या. ते बदललं तो दिवस मला स्वच्छ आठवतो, आणि तरी आठवताना तो स्वप्नात पाहिल्यासारखाच वाटतो.

वसंत लागला होता. तलावाबाहेरच्या कोफाईच्या झाडाला पिवळी फुलं आली होती. मी पाठीवर तरंगायला शिकत होते. बाई माझ्या पाठीखाली दोन्ही तळवे धरून उभ्या होत्या आणि मी छतावरचा उजेड बघत होते. तेवढ्यात दारं उघडली आणि शाळेचा एक वर्ग आत आला. कमरेला टॉवेल गुंडाळलेली लहान मुलं, चाळीस पायांची थपथप. त्यांचा तरुण मास्तर पलीकडच्या काठावर उभा राहिला आणि मोठ्या आवाजात हजेरी घ्यायला लागला. एकेक नाव त्या उंच छताला लागून परत यायचं, मागोमाग एखादा बारीक आवाज, "हिअर!"

माझ्या पाठीखालचे तळवे ताठ झाले. मग ते नव्हतेच. मी धडपडत, ठसकत उभी राहिले. बाई छातीभर पाण्यात उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक, ओठ अर्धवट उघडे. पलीकडे नावं चालूच होती.

त्यांना बाहेर काढायचं तर पायऱ्या त्या मुलांच्या बाजूला होत्या. मदतीला हाक मारली असती तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं. मला एकच गोष्ट येत होती, ती त्यांनीच शिकवलेली. मी त्यांचे दोन्ही हात धरले.

"चला, खाली जाऊ," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटले, श्वास घेतला आणि गुडघे सोडून दिले.

वरची नावं पुसली गेली. मला वाटलं होतं पाणी माझ्यावर बंद होईल, दार लावावं तसं. तसं काही झालं नाही. उलट ते सगळीकडून उघडंच होतं. मी डोळे उघडले. आम्हाला दोघींनाही गॉगल नव्हते, त्यामुळे सगळं निळसर आणि कडा नसलेलं. त्यांचे करडे केस वर उभे राहून हलत होते. लांब पलीकडे काठावर बसलेल्या मुलांचे पाय पाण्यात लोंबत होते, आणि माझ्या छातीत काहीतरी सावकाश ठोके देत होतं. भीती कुठे गेली ते मला आजही कळलेलं नाही. वर आलो, श्वास घेतला, कुणाचं तरी नाव कानावर पडायच्या आत परत खाली गेलो. परत वर. परत खाली. मग एकदा वर आलो तर नावं संपली होती आणि मुलं एकामागून एक पाण्यात उड्या मारत होती. आमच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

आम्ही दोघी लेनच्या दोरीला धरून धापा टाकत उभ्या राहिलो.

"तू डोकं पाण्यात घातलंस," ती म्हणाली.

"तूही," मी म्हणाले.

त्या क्षणापासून मनातल्या मराठीत बाई 'अगं' झाली, ती झालीच.

उन्हाळ्यात आम्ही समुद्रावर गेलो. डेज बेला, जिथे बंदरातली फेरी थांबते आणि पोरं लाकडी धक्क्यावरून उड्या मारतात. मुलगीही बरोबर आली होती. पाणी असं गार की पोटऱ्या दुखायला लागल्या. मी छातीवर पोहत, हळूहळू, म्हातारं बदक जावं तशी, धक्क्याच्या कडेकडेने त्याच्या शिडीपर्यंत गेले. बाई शेजारी एका कुशीवर पोहत होती. वरून मुलगी ओरडली, "आई! यू आर स्विमिंग!" जसं काही ते मला माहीत नव्हतं. शिडीला धरून मी मागे बघितलं. किनारा छोटा झाला होता. डोंगरावरच्या घरांच्या खिडक्या चमकत होत्या, पोहुतुकावाच्या फुलांची लाल तुसं लाटांवर तरंगत होती, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये मी होते, कशालाही पाय न टेकता.

नंतर डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, आईस्क्रीम घेऊन आम्ही वाळूवर बसलो होतो. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी जवळ येऊन उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं.

"मिस?" ती म्हणाली. "तुम्ही आमच्या वर्गाला होतात."

 मी बाईच्या हातावर हात ठेवला. 

"तुम्ही बऱ्या झालात का?" मुलीने विचारलं.

"होतेय," बाई म्हणाली. "थोडी थोडी."

"तुम्ही गेल्यावर हजेरी आम्हीच पुरी केली. एकेकाने आपापलं नाव सांगितलं. सगळे होते." मग जरा विचार करून ती म्हणाली, "फक्त तुम्ही नव्हतात."

तिला पलीकडून कुणीतरी बोलावलं आणि ती पळाली. बाईच्या मनगटावरून आईस्क्रीमचा ओघळ कोपरापर्यंत गेला होता, तिला पत्ता नव्हता. ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही.

"मला वाटत होतं," ती म्हणाली, "की ती मुलं अजून तिथेच बसलीयेत. चटईवर. वाट बघत."

त्या एका दिवसाने सगळं बदललं असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पुढचा हिवाळा वाईट गेला. काही आठवडे ती फोनही उचलत नव्हती. मी तिच्या दाराशी वरणभाताचा डबा ठेवून यायचे आणि रिकामा, धुतलेला डबा दुसऱ्या दिवशी तिथेच मिळायचा. एकदा त्या डब्यात तिच्या झाडाची चार लिंबं होती, तेव्हा मला जरा हायसं वाटलं. नंतर ती एखाद्या दिवसाच्या बदलीवर शाळांमधून शिकवायला लागली. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून एकदा. आणि मग एक दिवस तलावाच्या काठावर पाय सोडून बसलेली असताना तिने सांगितलं की डोंगरापलीकडे, वायरारापात, एका छोट्या शाळेत तिला नोकरी मिळाली आहे. सगळी शाळा मिळून दोनच वर्ग.

"जाऊ का?" तिने विचारलं.

मला आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. "मला काय विचारतेस?" मी म्हणाले. "जायलाच हवं."

"तुझी बटरफ्लाय राहिली शिकायची."

"ती मला या जन्मी येणार नाही."

तिच्या जागी एक तरुण मुलगा आला. शिट्टी वाजवतो, सगळ्याला 'स्वीट ॲज', म्हणजे एकदम मस्त, म्हणतो. चांगला आहे. मी त्याच्याकडे शिकत नाही; मंगळवारी जाऊन माझी माझी पोहून येते. मुलगी आता पामर्स्टन नॉर्थला युनिव्हर्सिटीत आहे, घर आणखी शांत झालंय, पण मी दोन दिवस इथल्या वाचनालयात काम करते, तिथे माझं नाव बऱ्याच जणांना येतं.

महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या शनिवारी मी ट्रेनने तिच्याकडे जाते. डोंगराच्या पोटातून लांबलचक बोगदा जातो. डब्यात अंधार होतो, काचेत आपलाच चेहरा दिसतो, आणि मग अचानक पलीकडे सपाट हिरवं मैदान उलगडतं, मेंढ्या, पॉपलरच्या रांगा, मोठं आभाळ. ती स्टेशनवर आलेली असते. तिच्या घरामागे अक्रोडाचं झाड आहे. मागच्या वेळी आम्ही दुपारभर त्याच्याखाली बसून अक्रोड सोलले. हात काळे झाले ते कितीही घासले तरी निघेनात.

"मागच्या महिन्यात एकदा पुन्हा झालं," ती सोलता सोलता म्हणाली. "शाळेच्या आवारात, गाडीतून उतरता येईना."

"मग?"

"मुख्याध्यापिकेला फोन केला, सांगितलं मी बाहेर आहे, येईन. ती म्हणाली, बरं, ये सावकाश. आणि थोड्या वेळाने गेले." तिने एक अक्रोड दगडावर फोडला, अर्धा मला दिला. "कुणाला त्याचं विशेष काही वाटलं नाही. मी येईपर्यंत मुलांनी चित्रं काढायची असं ठरलं. शेळ्यांची तीस चित्रं निघाली त्या दिवशी. का शेळ्या, कुणास ठाऊक."

आम्ही शेळ्यांवरून हसत राहिलो. संध्याकाळी ती मला स्टेशनवर सोडायला आली. ट्रेनला उशीर आहे असं तिथल्या फलकावर दिसत होतं. ऊन उतरलं होतं, रुळांपलीकडच्या शेतात कुणीतरी ट्रॅक्टर घराकडे नेत होतं. आम्ही बाकावर बसून राहिलो. उशीर किती आहे ते मी वाचलं नाही, तिनेही नाही.